आधीचा शब्द बरोबर आहे

परबबाईंनी माझ्या बापाच्या पत्रकावर लाल शाई फिरवली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मी घाबरून बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. आमच्या डोंगरावर बाबांनी लिहिलेल्या अक्षराला कुणी बोट लावत नसे. दिवसभर साकीनाक्याला लेथ मशीनवर उभा राहिलेला हा माणूस संध्याकाळी मांडीवर पाट घेऊन लिहायला बसायचा आणि चार दिवसांत असल्फ्याच्या चढणीवरच्या प्रत्येक दाराखालून एक कागद आत सरकलेला असायचा. पाण्याबद्दल, संडासांबद्दल, रेशनबद्दल. मी त्याच कागदांवर वाचायला शिकले. इतर मुलींचा ‘अ’ अननसाचा होता, माझा अन्यायाचा.

आणि ही बाई त्या कागदावर फुल्या मारत होती.

“निषेधात पोटफोड्या ष,” त्या म्हणाल्या. “तुम्ही शहामृगाचा श घातलाय. आणि एका ओळीत तीन उद्गारचिन्हं? वाचणाऱ्याचा घसा बसेल. एक ठेवते.”

“ताई, राग आहे तो,” बाबा म्हणाले.

“राग एका चिन्हात मावतो. मावत नसेल तर वाक्य बदला.”

मला वाटलं, आता पेटणार. बाबा हसले. त्यांनी वाक्य बदललं.

बाबांची पत्रकं छापणारी ती प्रेस साकीनाक्याच्या एका गाळ्यात होती. खाली छपाईचं मशीन, वर लाकडी जिना चढून पोटमाळा. पोटमाळ्यावर एका बाजूला कॉम्प्युटरवर तिवारीजी, मजकूर टाइप करणारे. दुसऱ्या बाजूला खिडकीशी टेबल लावून परबबाई. त्या मुद्रितशोधक होत्या, म्हणजे छापायला जाण्याआधी चुका काढणाऱ्या. अंबाड्यात एक लाल पेन खोचलेलं, हातात दुसरं. हातातलं संपलं तर अंबाड्यातलं. त्यांच्या डब्याला गुंडाळलेला कागदही जुनं प्रूफ असायचा आणि जेवताना त्या तोही वाचायच्या. एकदा भाजीच्या तेलाने पारदर्शक झालेल्या कागदावर त्यांना राहून गेलेली एक चूक सापडली, तेव्हा त्यांनी डबा तसाच बंद केला. पुस्तक छापून सहा महिने झाले होते.

“चूक डासासारखी असते,” त्या म्हणायच्या. “एक दिसला की समजायचं, भिंतीवर अजून चार आहेत.”

नाक्यावरच्या वडापाववाल्याची पाटी ‘ताजे वडापाव मिळेल’ अशी होती. ‘मिळेल’चं ‘मिळतील’ होईपर्यंत परबबाईंनी त्याच्याकडे खाल्लं नाही. त्याने पाटी बदलली त्या दिवशी त्यांनी दोन खाल्ले आणि म्हणाल्या, “आता चटणीकडे बघ जरा.”

पण मला त्यांची खरी ओळख पटली ती टँकरच्या पत्रकामुळे. आमच्याकडे तेव्हा आठ-आठ दिवस नळाला पाणी नसायचं. बाबांनी लिहिलं की टँकरचा ड्रायव्हर खालीच पाणी विकतो, वर चढवतच नाही. ड्रायव्हरचं नावसुद्धा लिहिलं. परबबाईंनी नावाखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘हे खरं का?’

“सगळे म्हणतात, ताई.”

“मग ‘सगळे म्हणतात’ असं छापू?”

“आता एवढ्यासाठी…”

“बघा, पत्रकात नाव नसेल तर पत्रक भित्रं. आणि नाव खोटं असेल तर पत्रक चोर. तुम्ही ठरवा.”

बाबा चिडून उठले. पण दोन दिवस घरोघर फिरून विचारून आले. ड्रायव्हर निर्दोष होता. वर जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करून पाणी खालीच विकणारा माणूस आमच्याच वस्तीतला, आमच्याच समितीतला निघाला, बाबांच्या शेजारी बसून घोषणा देणारा. बाबा दुपारभर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मग त्यांनी त्याचं नाव लिहिलं. परबबाईंनी ते पत्रक तपासलं आणि पहिल्यांदाच एकही खूण न करता परत दिलं.

शाळा सुटली की बाबांची शिफ्ट संपेपर्यंत मी त्या पोटमाळ्यावर बसायचे. बसून राहणारं माणूस परबबाईंना बघवत नसे. दहाव्या वर्षी त्यांनी मला कामाला लावलं. मी लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचायची, त्यांनी प्रुफावरून बोट फिरवायचं. वाचताना विरामचिन्हंही वाचायची. “बाळू म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू मला पतंग हवा उद्गारचिन्ह अवतरण बंद.” घरी मी तशीच बोलायला लागले. माझी आजी, जी जालन्याकडून आली होती आणि जिने मुंबईत तीस वर्षं काढूनही आपलं एक अक्षर बदललं नव्हतं, आईला म्हणाली, “पोरीला काय झालंय बाई? सारखं पूर्नविराम पूर्नविराम करती.”

मध्येच परबबाईंचा फोन वाजायचा. त्यांची आई मालवणकडच्या गावाला होती आणि मुंबईपर्यंत ओरडून पोचायचं असतं अशा आवाजात बोलायची. पलीकडचं सगळं आम्हाला ऐकू यायचं.

“गो सुला, खंय आसस?”

“प्रेसमध्ये आहे, आई.”

“गणपतीक येतलंस मां?”

“या वर्षी नाही जमणार. काम फार आहे.”

“असांदे गो, असांदे.”

एकाच फोनवर दोन भाषा. आई एकीत, लेक दुसरीत. मला ते विचित्र वाटायचं, पण मी विचारलं नाही. असांदे म्हणजे असू दे, एवढं कळलं होतं.

तेराव्या वर्षी मी कादंबरी लिहिली. तीन वह्या. रंजी नावाची बारा वर्षांची मुलगी डोंगरावर राहते, गोष्ट लिहिते आणि ती छापून आणायला निघते. एक प्रकाशक म्हणतो, फार लहान आहे. दुसरा म्हणतो, फार मोठी आहे. तिसरा म्हणतो, बापाला घेऊन ये. घरी तिची आजी आहे, जिला वाचता येत नाही, पण जी रोज विचारते, ‘तुझं पुस्तक कवा येनार?’ शेवटी पुस्तक येतं आणि सगळी वस्ती टाळ्या वाजवते. तेव्हा मला असंच होतं असं वाटायचं.

परबबाईंनी तिन्ही वह्या माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घेतल्या. संपल्यावर त्यांनी पेन अंबाड्यात खोचलं, काढलं, परत खोचलं.

“मुलुंडच्या साहेबांना दाखवते,” त्या म्हणाल्या.

मुलुंडचे साहेब लहान मुलांची पुस्तकं काढायचे आणि ती याच प्रेसमध्ये छापली जायची. महिन्याभराने त्यांचा निरोप आला. पुस्तक घेतो, पण भाषा शुद्ध करा, शाळांच्या ग्रंथालयांना द्यायचं असतं. मला पहिले दोनच शब्द ऐकू आले. मी जिन्यावरून इतक्या जोरात उतरले की खालचा मशीनवाला वर बघायला लागला.

आठवड्याने तिवारीजींनी टाइप केलेलं प्रूफ आलं. परबबाईंनी ते तपासून माझ्यापुढे ठेवलं. आजी जिथे जिथे बोलत होती तिथे तिथे पान लाल होतं. ‘पानी’चं पाणी. ‘कोन’चं कोण. ‘कवा’चं केव्हा. ‘म्हनून’चं म्हणून. माझी आजी त्या पानांवर वृत्तनिवेदिकेसारखी बोलत होती.

“ही माझी आजी नाही,” मी म्हणाले.

“ही रंजीची आजी आहे. आणि ती पुस्तकात आहे.”

“माझी आजी अशुद्ध आहे का?”

“आजी नाही. वाक्य.”

“वाक्य आजीचंच आहे!” मी ओरडले. “तुम्ही आम्हाला पुसताय. तुमच्यात आणि त्या व्हॉल्व्हवाल्यात काय फरक? तो पाणी बंद करायचा, तुम्ही तोंड बंद करताय.”

तिवारीजींचं टाइपिंग थांबलं. परबबाईंना एवढं कुणी बोललेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मीही ऐकलं नव्हतं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“मी चौथीत होते,” त्या म्हणाल्या. “गिरणीत बापाला काम लागलं म्हणून गावाहून आलो होतो. शाळेत धडा वाचायला उभं केलं. ‘कुठे’च्या जागी तोंडातून ‘खंय’ गेलं. वर्ग इतका हसला की शिकवणाऱ्या बाईसुद्धा हसल्या. त्यानंतर कधी नाही गेलं.” त्यांनी प्रूफ आपल्याकडे ओढलं. “जा घरी. उद्या ये.”

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तेच प्रूफ टेबलावर होतं. मुद्रितशोधनात एक खूण असते. केलेली दुरुस्ती मागे घ्यायची असेल तर ती खोडून मूळ शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, ‘असू दे’. म्हणजे आधी होतं तसंच ठेवा. आजीच्या बदललेल्या प्रत्येक शब्दाखाली टिंबं होती. प्रत्येक समासात ‘असू दे’, ‘असू दे’, ‘असू दे’. काही टिंबं शब्दाखाली नीट बसली नव्हती, थोडी बाजूला सरकली होती. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

त्याच आठवड्यात त्या मला घेऊन मुलुंडला गेल्या. साहेबांनी प्रूफ चाळलं आणि चष्मा काढला.

“परबबाई, तुम्ही? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हं.”

“साहेब, तुमच्या मागच्या पुस्तकात मांजर बोलतं. शाळांना चालतं. डोंगरावरची आजी बोलली तर चालणार नाही?”

“मांजर शुद्ध बोलतं, बाई.”

“म्हणूनच ते खोटं वाटतं.”

साहेबांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, “शाळांनी परत पाठवलं तर?”

“तर माझ्या नावावर टाका. शेवटचं प्रूफ मी बघणार आहे. सही माझी असेल.”

परतताना बसस्टॉपवर त्यांनी मला दोनदा विचारलं, “नंबर काय आला गं?” बस अगदी समोर उभी होती. मला वाटलं, बाई माझी परीक्षा घेतायत. त्या सारख्याच परीक्षा घ्यायच्या. गेले कित्येक महिने तर मूळ प्रत मीच वाचायचे आणि प्रूफही मीच वाचायचे. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, “तुझा सराव होऊ दे.” कधी कागद ट्यूबलाइटखाली तिरका धरून विचारायच्या, “हे टिंब आहे की माशी बसून गेली?” मी हसायचे.

शेवटचं प्रूफ आलं तेव्हा माझी वार्षिक परीक्षा तोंडावर होती. “तू अभ्यास कर,” त्या म्हणाल्या. “हे मी एकटी बघते.” त्यांनी बघितलं. ‘छापण्यास हरकत नाही’ असं लिहून खाली सही केली.

पुस्तक आलं. तिवारीजींनी बाबांच्या हाती तीन प्रती पाठवल्या होत्या. मुखपृष्ठावर माझं नाव होतं. आईने पुस्तकाला हळद-कुंकू लावलं नाही, कोरड्या फडक्याने ते पुसलं आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवलं. मग आजी म्हणाली, “वाच.” मी आजीचाच प्रसंग काढला आणि मोठ्याने वाचायला लागले.

“आजी म्हणाली, ‘पोरी, पानी असू दे भरलंस का?’”

मी थांबले. पुढचं वाचलं.

“‘दारात कोन असू दे आलंय? बघ, आनी असू दे मला सांग. तुझं पुस्तक कवा असू दे येनार असू दे?’”

आजी म्हणाली, “मी असं कवा म्हनलं?”

पानामागून पान तसंच होतं. जिथे जिथे माझी आजी तोंड उघडत होती तिथे तिथे तिच्या तोंडात कुणीतरी ‘असू दे’ कोंबलं होतं. ती तोतरी वाटत होती. वेडी वाटत होती. तीनशे प्रतींत वेडी.

मला रडू आलं नाही. मला जे येतं तेच आलं. मी वही घेतली आणि पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘डोंगरावरच्या भाषेची टिंगल’. मुलुंडच्या प्रकाशकाला आमची भाषा नको होती, नाइलाजाने घ्यावी लागली, म्हणून त्याने सूड घेतला. शेवटचं वाक्य होतं, ‘ही चूक नव्हे, हा डाव आहे!!!’ दुसऱ्या दिवशी परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन थेट पोटमाळ्यावर गेले. आमच्या घरातलं पत्रक तपासल्याशिवाय छापत नसत. इतक्या संतापातही मला ते मोडायचं सुचलं नाही.

परबबाई खिडकीशी बसल्या होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

“वाच,” त्या म्हणाल्या.

मी वाचलं, सवयीने विरामचिन्हांसकट. “हा डाव आहे उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह.”

‘एक ठेव’ असं त्या म्हणतील म्हणून मी थांबले. त्या म्हणाल्या, “हे खरं का?”

“खरंच आहे. कुणीतरी मुद्दाम केल्याशिवाय…”

“पाहिलंस?”

“कुणीतरी केलंय ना पण!”

“मग नाव लिही.”

“कुणाचं?”

“सुलभा परब.”

मला कळेना. मी तिवारीजींकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठून उभे होते, हात जोडल्यासारखे.

“गलती मेरी है, बेटा,” ते म्हणाले. “मॅडमचा नियम आहे ना, लाल शाईत जे असेल ते सगळं घ्यायचं, डोकं नाही चालवायचं. अकरा साल काम किया इनके साथ. कभी ‘असू दे’ लिखा ही नहीं इन्होंने. मला काय माहीत ती खूण आहे? मला वाटलं मजकूर आहे.”

अकरा वर्षांत त्या बाईंनी काहीही असू दिलं नव्हतं. पहिल्यांदा दिलं, आणि ते पुस्तकात छापलं गेलं.

“तिवारीजींची चूक शेवटच्या प्रुफात पकडायची असते,” परबबाई म्हणाल्या. “त्यासाठीच मला पगार आहे. मी ते प्रूफ वाचलं नाही. मला वाचता येत नाही, प्रज्ञा. वर्ष झालं, वाढतच चाललंय. तुझं पहिलं प्रूफ भिंगाने एकेक अक्षर शोधत तपासलं, शेवटच्याला भिंगही पुरलं नाही. पानाच्या मधोमध पाणी सांडल्यासारखं दिसतं. कडा दिसतात. समास दिसतो. शब्द दिसत नाहीत.”

खाली मशीन चालू होतं. जिना थरथरत होता. मला बसचे नंबर आठवले, माशीचं टिंब आठवलं, ‘तुझा सराव होऊ दे’ आठवलं. वर्षभर त्या पोटमाळ्यावरचे डोळे माझे होते आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

“मग सही का केलीत?”

“हे एक पुस्तक माझ्या हातून जायला हवं होतं.”

मला त्यांची दया आली नाही. ती नंतर आली. तेव्हा मला फक्त धक्का बसला होता, आणि धक्क्यामागून राग. ज्या बाईने माझ्या बापाला ‘हे खरं का’ विचारायला शिकवलं, तिने न वाचलेल्या पानावर सही केली होती. मी तसं त्यांना म्हणाले. सगळं म्हणाले. मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. आता कागद उलटा कर आणि लिही.”

पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी त्यांनी सांगितलेलं लिहिलं. अक्षर रागाने वाकडं आलं होतं.

‘शुद्धिपत्र. या पुस्तकात आजीच्या बोलण्यात जिथे जिथे “असू दे” छापलं आहे, तिथे ते वाचू नये. त्याच्या आधीचा शब्द बरोबर आहे. चूक मुद्रितशोधकाची. सुलभा परब.’

“‘आधीचा शब्द बरोबर आहे’ हे ठळक छापा,” त्या तिवारीजींना म्हणाल्या. मग माझ्याकडे तोंड करून, माझ्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला बघत म्हणाल्या, “वाच परत. नीट ऐकू दे.”

त्या महिन्याअखेर त्यांनी काम सोडलं. साहेबांनी पुस्तक विकायला नकार दिला, तेव्हा बाबांनी सगळे गठ्ठे डोंगरावर आणले. आम्ही घरात बसून प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली आणि बाबांनी ती पुस्तकं पत्रकांसारखी दारोदार वाटली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पण चढणीवरची पोरं काही वर्षं एकमेकांना हाक मारताना ‘काय रे असू दे’ म्हणायची. आणि मास्तरांनी ‘पानी’ खोडलं तर एक-दोघींनी चिठ्ठी नेऊन दाखवली, असं ऐकलं. ‘बघा सर, छापलंय. आधीचा शब्द बरोबर आहे.’

परबबाईंना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, बोरीवलीला. नॅशनल पार्कच्या बाजूची जुनी सोसायटी, खिडकीच्या गजांवर माकडं येऊ नयेत म्हणून लावलेली जाळी. त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, माझी आजी जाऊन दोन. अंबाडा पांढरा आणि बारीक झाला होता, पण त्यात लाल पेन होतं. आता ते कशासाठी, हे मी विचारलं नाही. माझ्या पिशवीत नव्या कादंबरीचं प्रूफ होतं. दुसरे प्रकाशक, दुसरी प्रेस, सगळं नीट.

“वाच,” त्या म्हणाल्या.

मी वाचायला लागले. स्वल्पविराम, अवतरण, पूर्णविराम. त्यांचं बोट टेबलावर ओळीसारखं सरकत होतं. मधल्या वर्षांत मी एम.ए. झाले होते, सभांतून बोलत होते, लोक माझ्या वाणीचं कौतुक करत होते. आजीचा प्रसंग आला. मी वाचला आणि पुढे गेले.

बोट थांबलं.

“काय म्हणालीस?”

“कुठे?”

“आजी काय म्हणाली?”

“‘पोरी, पाणी…’” मी कागदाकडे पाहिलं. कागदावर ‘पानी’ होतं. मीच लिहिलेलं, कुणीही न खोडलेलं. माझ्या तोंडातून ‘पाणी’ आलं होतं, स्वच्छ, शुद्ध, शाळेतलं. आजीचं ‘पानी’ मी कधी गिळलं मला माहीत नव्हतं.

“बाई, मी… ते इथे बरोबर छापलंय. मीच…”

परबबाईंनी हात पुढे करून माझा कागद चाचपला, त्यावर बोट ठेवलं, अंबाड्यातलं पेन काढलं आणि कुठल्यातरी शब्दाखाली, बहुतेक समासातच, हळूच तीन टिंबं दिली. टक, टक, टक.

“असांदे गो,” त्या म्हणाल्या. “परत वाच.”